न मागता आलेले ऑलिव्ह

लिस्बनमधली आमची सातवी आणि शेवटची रात्र. ग्रासा नावाच्या चढावरच्या वस्तीत आठवड्यासाठी घर भाड्यानं घेतलं होतं. बायको आणि लेक बॅगा भरून झोपल्या, आणि आत्यानं पावत्यांचं पाकीट टेबलावर उपडं केलं. आत्यानं सांगलीला विश्रामबागेत 30 वर्षं खानावळ चालवली, वालचंद आणि विलिंग्डनच्या पोरांची. हिशोब लागल्याशिवाय तिला झोप येत नाही, आणि दुसऱ्याच्या हॉटेलात बसली तरी तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे असते.

मी घरून निघतानाच 23 ठिकाणांची यादी केली होती. परदेशात जाऊन पनीर बटर मसाला खायचा नाही, ही माझी प्रतिज्ञा. आत्या मात्र दोन किलो भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी घेऊन निघाली. तूप तेवढं सांगलीलाच राहिलं, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दूधदुभतं आणि मांस आणू देत नाहीत. आत्या शाकाहारी आहे; अंडं ‘दिसत नसेल तर’ चालतं. आठवडाभर आमच्यात जे धुमसत होतं, ते त्या रात्री पावत्यांच्या निमित्तानं बाहेर पडलं. लिहिणारा मी आहे, तेव्हा थोडं माप माझ्या बाजूला झुकलं असेल, हे गृहीत धरावं.

आत्या : ही कसली रे? 118 युरो. एका जेवणाचे?

मी : पहिल्या दिवशीची. बाइशातली. नदीकडे जाणारा तो मोठा रस्ता, तिथली.

आत्या : आठवलं. आपण खुर्च्या सरकवतोय तोवर त्यानं ऑलिव्ह, पाव, चीज, हॅमची बशी असं सगळं मांडलं. आणि तू म्हणालास, बघ आत्या, काय अगत्य!

मी : मला वाटलं, इथली रीत असेल. आल्या माणसापुढं काहीतरी ठेवायचं. आपल्याकडे गूळ-पाणी ठेवतात तसं.

आत्या : गुळाचे पैसे घेतो का आपण?

या गूळ-पाण्याला तिथं ‘कुव्हेर’ म्हणतात. ते न मागता येतं, आणि खाल्लं की बिलात लागतं. न मागितलेल्या आणि न शिवलेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, असं 2015 च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ‘नको’ म्हटलं की वेटर निमूट उचलून नेतो, त्याला त्यात अपमान वाटत नाही. पण हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी आम्ही चौघं विमानातून उतरलेले, भुकेले. चीज संपलं, हॅम माझ्या पोटात गेलं, आणि किलोवर विकली जाणारी कोळंबी किती येणार हे न विचारताच मी मागवून बसलो.

मी : बरं, फसलो. पण त्यावरून सगळ्या गावाला चोर ठरवू नकोस.

आत्या : चोर कोण म्हणालं? त्यानं धंदा केला. चूक तुझी. तू स्वतःला पाहुणा समजलास.

मी : मग काय समजायचं? परक्या गावात आपण पाहुणेच. यजमान जे वाढेल ते खावं, नावं ठेवू नयेत. लहानपणी तूच शिकवलंस.

आत्या : ते कुणाच्या घरी गेल्यावर. लिस्बननं मला बोलावलं होतं का? तू तिकिटं काढलीस म्हणून आले. मी इथं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं विचारावं, नको ते नको म्हणावं, खाल्लं त्याचे पैसे टाकावेत आणि उठावं. पाहुण्याला लाजावं लागतं. गिऱ्हाइकानं लाजू नये.

आमच्या भांडणाचं मूळ हेच होतं. मांसाहार-शाकाहार हे नुसतं निमित्त.

दुसऱ्या दिवशी ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं सूप मागवलं. बटाट्याच्या पातळसर लगद्यात रेशमासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं, वर ऑलिव्ह तेल. नावाचा अर्थच हिरवं सूप. मी आत्याला छातीठोकपणे सांगितलं, हे तुझं. वाडगा आला तेव्हा त्यात शोरीसुची, म्हणजे गोव्याकडचे लोक ज्याला चोरीस म्हणतात त्या डुकराच्या सॉसेजची, एक चकती तरंगत होती. वेटर भला माणूस. वाडगा आत नेला, चकती काढली, परत आणून ठेवला. आत्यानं चमचा बुडवला आणि खाली ठेवला. हिरव्यावर तेलाचा एक तांबडा ठिपका होता.

मी : एक ठिपका होता, आत्या. कुणाला कळलं असतं?

आत्या : मला कळला ना.

मी : तो बिचारा ओशाळला.

आत्या : ओशाळू दे. त्याला वाटलं, मला ती चकती बघवत नाही. बघवते की. बाजूला तू काय काय खात होतास, मी काही म्हणाले? मला खायचं नव्हतं, एवढंच. माझ्याकडे एक जैन मुलगा होता, चार वर्षं. त्याची आमटी वेगळ्या पातेल्यात व्हायची. कांदा घातलेल्या आमटीतला कांदा वेचून त्याला वाढली असती, तर चाललं असतं?

मी : पण पदार्थ म्हणजे एक पूर्ण गोष्ट असते. शोरीसुशिवाय काल्दु व्हेर्द म्हणजे फोडणीशिवायचं वरण.

आत्या : गोडं वरण फोडणीशिवायचंच असतं.

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून माझी यादी मागे पडायला लागली. आत्या गल्ल्यांतून चालताना दारं बघायची. माझ्या यादीतल्या एका जागेसमोर चार भाषांतली, फोटो लावलेली पाटी होती आणि दारात एक तरुण ‘या या’ करत उभा होता. आत्या तिथून ताडताड पुढं गेली. ‘ज्याला रस्त्यावर माणूस उभा करावा लागतो, त्याच्याकडे कालचं गिऱ्हाईक आज येत नाही,’ हा तिचा निकाल. मग मोरारियाकडे उतरताना एका बोळात ती थांबली. कागदाची टेबलक्लॉथं, भिंतीवर हातानं लिहिलेला कागद, आणि आत अंगावर रंगाचे शिंतोडे घेऊन जेवायला बसलेले तीन रंगारी. दुपारचे साडेबारा.

अशा जागेला ‘ताश्का’ म्हणतात. आपल्या खानावळीची पोर्तुगीज चुलतबहीण. ‘प्रातु दु दीया’ म्हणजे आजचं ताट. दोन-तीन प्रकार, संपले की संपले. तीनच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद, मग रात्री साडेसात-आठनंतर. मधल्या वेळी लेकीला भूक लागली की पास्तेलारिया, म्हणजे बेकरी-कॅफे, हाच आधार. आणि एक शब्द आत्यानं पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून उचलला : ‘मेया दोझ’. अर्धी प्लेट. ताश्कातली अर्धी प्लेट एका मराठी माणसाला पुरून उरते.

आत्या : तुझ्या यादीत होती का ती जागा?

मी : नव्हती.

आत्या : असणार कशी? यादी करणारे एकदाच जेवतात. रोज जेवणारा यादी करत बसत नाही. खानावळ ओळखायची तर मंगळवारी कोण जेवतंय ते बघायचं.

मी : पण तू तिथं जाऊन काय केलंस? मालकिणीला दहा मिनिटं उभी करून ठेवलीस. यात मांस आहे का, मासा आहे का, चरबी आहे का. रंगारीसुद्धा वळून बघायला लागले.

आत्या : आणि तिनं काय दिलं?

तिनं एक नाव सांगितलं आणि लेकीनं फोनमध्ये बघून भाषांतर केलं : बागेतले छोटे मासे. आत्यानं कपाळाला हात लावला. बाई हसली, आत गेली, आणि बशीत चार तुकडे घेऊन आली. एक मोडून दाखवला. आत हिरवीगार फरसबी. ‘पैशिन्युश द ऑर्ता’. लांब शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, दिसायला तळलेल्या लहान मासळीसारख्या, म्हणून हे नाव. कॅथलिक लोकांच्या मांस वर्ज्य असलेल्या दिवसांतला हा पदार्थ. 16व्या शतकात पोर्तुगीज जपानला गेले, तेव्हा अशीच तळणी तिथं पोचली आणि तिचा तेंपुरा झाला, असं मानतात. पिठात अंडं होतं. पण दिसत नव्हतं.

आत्या : म्हणजे ही उपासाची भजी. एकादशी दुप्पट खाशी इथंही आहेच की.

मी : बघ, मी तेच म्हणतोय! स्थानिक खायला गेलीस म्हणून मिळालं. भाजणी थापत बसली असतीस तर?

आत्या : मी खायला गेले नव्हते, विचारायला गेले होते. तू गेल्या गेल्या मेनूवर बोट ठेवतोस. तुला पदार्थ मिळतो. मला ती बाई मिळाली.

हे वाक्य तिनं फार सहज टाकलं, आणि मला ते लागलं. सात दिवसांत मी कुठल्याही वेटरशी ‘ओब्रिगादु’च्या, म्हणजे ‘आभारी आहे’च्या, पुढं बोललो नव्हतो. आत्याला ‘मेया दोझ’पलीकडे पोर्तुगीज येत नसताना ती त्या मालकिणीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून टोमॅटोचा भात कसा पातळसर ठेवतात ते बघून आली. युरोपात माणशी सर्वांत जास्त तांदूळ पोर्तुगीज खातात, ही माहिती माझ्याकडे होती. तो भात कसा ढवळतात, हे तिच्याकडे.

कोथिंबिरीचंही तसंच. तिथल्या जेवणात ती आपल्यासारखीच मूठमूठ पडते, विशेषतः दक्षिणेकडच्या आलेंतेजु प्रांतात. ‘असोर्दा’ म्हणून एक प्रकार मी खाल्ला : लसूण, कोथिंबीर आणि मीठ वाटून, त्यात ऑलिव्ह तेल आणि उकळतं पाणी, शिळ्या पावाचे तुकडे, वर पाण्यात शिजवलेलं अंडं. अंडं इतकं ढळढळीत दिसत होतं की आत्याला खाता आलं नाही, पण वास घेऊन ती म्हणाली, ‘हा तर कुस्करा.’ शिळ्या पोळीचा कुस्करा खाऊन मोठा झालेला मी त्यासाठी 14 युरो मोजले होते.

मी : पण आत्या, समोसा तरी तू हसत सोडलास का?

आत्या : त्याचं नाव काढू नकोस.

एका कॅफेच्या काचेमागं तिला समोसे दिसले होते. खरेखुरे त्रिकोणी समोसे, पाटीवर ‘शामूसा’. गोवा आणि मोझांबिक या दोन वाटांनी तो तिकडे पोचला आणि आता कुठल्याही साध्या कॅफेत मिळतो. आत्याचा चेहरा उजळला. आत गोमांस असल्याचं कळल्यावर तिनं काचेकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर नातेवाईक फिरल्यावरच असते.

पाचव्या दिवशी खरा खटका उडाला. आत्याला शहराच्या उत्तरेला असलेल्या राधाकृष्ण मंदिरात जायचं होतं. तिथं आवारात शाकाहारी जेवण मिळतं. मी म्हटलं, इतके समुद्र ओलांडून डाळभातच खायचा तर सांगली काय वाईट होती?

आत्या : तू त्या दिवशी काय म्हणालास ते पुन्हा म्हण. ‘ते स्थानिक नाही.’

मी : नाहीच. ते गुजराती जेवण आहे.

आत्या : आणि वाढणारी मुलगी? ती शेजारणीशी कुठल्या भाषेत बोलत होती?

मी : पोर्तुगीजमध्ये.

आत्या : तिचे आजोबा दीवचे. तिथून मोझांबिकला गेले. 1975 साली तो देश स्वतंत्र झाल्यावर घरच्यांनी गाशा गुंडाळला आणि लिस्बन गाठलं. तिनंच सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं खुणांनी. त्या पोरीला लिस्बनशिवाय दुसरं गाव माहीत नाही. मग ती स्थानिक नाही तर कोण?

मी : माणूस स्थानिक आहे गं, पदार्थ नाही.

आत्या : बरं. मग पदार्थाचं बोलू. तुझा तो लाडका खारवलेला मासा. कुठला?

इथं मी अडकलो, कारण माहिती मीच पुरवली होती. बाकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, हा पोर्तुगीजांचा जीव की प्राण. वर्षाच्या दर दिवसाला एक अशा 365 तऱ्हांनी तो करता येतो, असं ते अभिमानानं सांगतात. पण हा मासा त्यांच्या समुद्रात मिळत नाही. पूर्वी त्यांची गलबतं तो आणायला पार न्यूफाउंडलंडपर्यंत जायची. आता मुख्यतः नॉर्वेकडून येतो. माझी बायको वेंगुर्ल्याची. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘पावसाळ्याची बेगमी!’ तिला त्यात काही परकं वाटलं नाही.

आत्या : मासा नॉर्वेचा. बटाटा अमेरिकेचा. त्या गोडावरची दालचिनी सिलोनची. कोंबडीवरची ती पिरी-पिरी मिरची आफ्रिकेतून आली, असं तूच म्हणालास. यांच्या ताटात यांचं काय?

मी : ऑलिव्ह, वाइन, सार्डिन. आणि हे सगळं एकत्र आणायची खोड.

आत्या : आणि आपल्या ताटात?

मी बोललो नाही, कारण ग्रासातल्या भाजीवाल्याच्या दुकानात आमच्या लेकीनं मोठ्यानं पाट्या वाचल्या होत्या. बटाट्यावर ‘बाताता’, कोबीसारख्या पानांवर ‘कोव्ह’, शिवाय ‘आनानाश’ आणि ‘पापाया’. आत्या दुकानदाराकडे बघून म्हणाली होती, ‘याला मराठी येतं!’ हिंदीवाले आलू म्हणतात. आपण चारशे वर्षं पोर्तुगीज शेजार सोसून बटाटा म्हणायला शिकलो. पाव तर त्यांचाच. पैसे चुकते करण्याला ते ‘पगार’ म्हणतात, त्यावर आत्या दिवसभर खूश होती : तिकडं पगार द्यायचा असतो, आपल्याकडे घ्यायचा. 1510 साली गोवा घेणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्कचा उंच खांबावरचा पुतळा लिस्बनच्या बेलें भागात आहे. हापूसला त्याचंच नाव लागलं, असं म्हणतात. आत्यानं मान वर करून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘आंबा बरा निघाला.’

मी : त्याच बेलेंमध्ये तू काय केलंस, ते सांगू का?

आत्या : काय केलं?

मी : तीन खाल्लेस.

1837 पासून चाललेल्या तिथल्या एका दुकानातल्या ‘पास्तेल’ नावाच्या गोडाविषयी हे आहे. कुरकुरीत वाटीत दुधाचं दाट, वरून करपवलेलं सारण. शेजारच्या मठात कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरायचे आणि उरलेल्या पिवळ्याचं गोड करायचे, अशी कथा सांगतात. 1834 मध्ये मठ बंद झाले आणि कृती बाजारात आली. ते सारण म्हणजे अंड्याचा बलकच बलक. हे मी आत्याला रांगेतच सांगितलं होतं.

आत्या : पिवळं दिसलं. अंडं दिसलं नाही.

मी : काल्दु व्हेर्दमध्येही शोरीसु दिसत नव्हता. तांबडा ठिपका दिसला, एवढंच.

आत्या : (बऱ्याच वेळानं) ते वेगळं.

मी : कसं वेगळं?

आत्या : ते मला नको होतं. हे हवं होतं.

सात दिवसांत माझी सरशी झाली ती एवढीच. पण वाद जिंकल्यासारखं वाटेना, कारण असं कबूल करायला मला जमलं नसतं. 12 जूनची रात्र मात्र कुणी काही म्हणो, माझी. सान्तु आन्तोनियुचा, म्हणजे संत अँथनीचा उत्सव. अल्फामा वस्तीच्या बोळाबोळात शेगड्या लागतात, सगळं शहर सार्डिनच्या धुरानं भरून जातं. पावाच्या जाड कापावर अख्खा भाजलेला मासा ठेवून देतात. त्याची चरबी पावात मुरते. मासा संपला की तो पाव खायचा. मी आणि बायको एका घराच्या पायरीवर बसून हातानं खाल्लं. काटे कागदावर, बोटं चाटून साफ. घरमालकीण दारात शेगडी मांडून बसली होती. त्या रात्री मी पाहुणाही नव्हतो आणि गिऱ्हाईकही. धक्के खात उभ्या असलेल्या गर्दीतला एक होतो. यादीत नव्हतं तेही.

आत्या तेव्हा दहा पायऱ्या वर, धुराच्या उलट बाजूला लेकीला घेऊन बसली होती. या सणाला तिकडे बारीक पानांच्या सब्जासारख्या रोपाची कुंडी देतात, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची चिठ्ठी खोचून. वास थेट नाक लावून घ्यायचा नाही. तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. रोपाचं नाव ‘मांझेरिकु’. आत्या अजून म्हणते, ती बाई मंजिरी म्हणाली.

आत्या : वास आला होता मला तुमच्या माशाचा. मळमळलं नाही. सांगून ठेवते.

मी : मग खाली का नाही आलीस?

आत्या : खाणारा मनापासून खात असला की न खाणाऱ्यानं समोर बसू नये. त्याचा घास अडतो. खानावळवाल्यालाही हे कळावं लागतं.

आता पाकिटात तीनच पावत्या राहिल्या होत्या. तिन्ही त्या बोळातल्या ताश्काच्या.

मी : आजचं बघ. आज बाईनं कुव्हेर आणलंच नाही. बसल्या बसल्या थेट फरसबी ठेवली, न विचारता. याला काय म्हणशील? पाहुणचारच झाला की नाही?

आत्या : बिलात लावली की नाही, ते आधी बघ.

मी दिव्याजवळ धरून पावती वाचली. लावली होती. एक बशी, 4 युरो 50.

आत्या : मग बरोबर. ओळखीचं गिऱ्हाईक.

तिनं तिन्ही पावत्या एकावर एक ठेवून बेरीज मारली. सात दिवसांत चार माणसांचं बाहेरचं खाणं 644 युरो झालं. त्यातले 118 पहिल्या जेवणाचे.